दोन विभागांचे आकडे आणि हात धुवायला सांगणारा डॉक्टर : इग्नाझ सेमेलवाइस

या साइटवर आपण बहुतेक वेळा मोबाईल, ॲप, इंटरनेट यांच्याबद्दल बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आज मी तुम्हाला एका डॉक्टरची गोष्ट सांगणार आहे. त्याने कुठलं यंत्र बनवलं नाही की नवं औषध शोधलं नाही. त्याने एकाच दवाखान्यातल्या दोन विभागांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, त्यातला फरक कशामुळे पडतो ते शोधलं आणि सहकाऱ्यांना सांगितलं की बाळंतिणीला हात लावण्याआधी हात धुवा. तेवढ्याने शेकडो बायकांचे जीव वाचले. तरीही त्याची नोकरी गेली आणि वयाच्या ४७ व्या वर्षी तो वेड्यांच्या इस्पितळात वारला.

त्याचं नाव इग्नाझ सेमेलवाइस. कोविड पसरत होता तेव्हा, २० मार्च २०२० रोजी, गूगलने त्याच्यावर डूडल केलं होतं. हात कसे धुवायचे ते त्यात दाखवलं होतं. ते बऱ्याच जणांना आठवत असेल, पण त्यामागची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. मला ती महत्त्वाची वाटते, कारण ती डेटाची गोष्ट आहे. आकडे शंभर टक्के आपल्या बाजूने असूनही माणसं का ऐकत नाहीत, हे तिच्यातून कळतं.

किराणा दुकानदाराचा मुलगा

सेमेलवाइसचा जन्म १ जुलै १८१८ चा, हंगेरीतल्या बुडा गावचा. आजचं बुडापेस्ट तेव्हा एक शहर नव्हतं. डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुडा आणि दुसऱ्या काठाला पेस्ट. त्याच्या वडिलांचा किराणा-मसाल्याचा धंदा होता, घरची परिस्थिती चांगली होती. दहा भावंडांत हा पाचवा. घरात बोली जर्मन, आणि जर्मन किंवा हंगेरियन लिहिणं त्याला आयुष्यभर जडच गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१८३७ मध्ये तो कायदा शिकायला व्हिएन्नाला गेला, पण लवकरच कायदा सोडून वैद्यकीकडे वळला. १८४४ मध्ये डॉक्टर झाला. त्या काळी व्हिएन्ना म्हणजे युरोपातल्या वैद्यकशास्त्राचं मोठं केंद्र. त्याला गुरूही तसेच भेटले. रोकिटान्स्की हा शवविच्छेदनाचा बादशहा. स्कोडा छाती ठोकून-ऐकून रोगनिदान करण्यात तरबेज. हेब्रा हा त्वचारोगांचा जाणकार. मेलेल्या माणसाचं शरीर उघडून रोग समजून घ्यायचा, हे त्या पिढीचं नवं तंत्र होतं.

१ जुलै १८४६ रोजी, म्हणजे अगदी वाढदिवशीच, सेमेलवाइस व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये प्रसूती विभागाचा सहायक झाला. वरिष्ठ होते प्रोफेसर क्लाइन. सहायकाने रोज सकाळी सगळ्या बाळंतिणी तपासायच्या, अवघड बाळंतपणं सांभाळायची, विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि नोंदवह्या ठेवायच्या. या नोंदवह्यांमुळेच पुढचं सगळं घडलं.

एक दवाखाना, दोन विभाग

या हॉस्पिटलात गरीब बायकांचं बाळंतपण फुकट होत असे. त्या बदल्यात त्यांच्यावर विद्यार्थ्यांनी शिकायचं, असा मामला होता. प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० नंतर पहिल्या विभागात फक्त डॉक्टरकीचे विद्यार्थी आणि दुसऱ्यात फक्त सुईणपणाचं शिक्षण घेणाऱ्या बायका, अशी वाटणी झाली.

कोणती बाई कुठे जाणार हे कसं ठरायचं? ती कोणत्या दिवशी आली यावरून. एक दिवस पहिल्या विभागाचा, दुसरा दिवस दुसऱ्याचा. ॲप बनवणारे लोक अर्ध्या लोकांना एक स्क्रीन आणि अर्ध्यांना दुसरी दाखवून कोणती चांगली चालते ते बघतात. त्याला ए-बी टेस्ट म्हणतात. व्हिएन्नात कुणी ठरवलेलं नसताना नेमकी तशीच चाचणी चालू होती. शहर तेच, इमारत तीच, बायका त्याच वर्गातल्या. फरक एवढाच, की तपासणारे हात वेगळे.

आता आकडे बघा. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत :

- पहिला विभाग : २०,०४२ बाळंतपणं, १,९८९ आया मेल्या. म्हणजे सुमारे १० टक्के.
- दुसरा विभाग : १७,७९१ बाळंतपणं, ६९१ मृत्यू. म्हणजे सुमारे ४ टक्के.

एकट्या १८४६ सालात पहिल्या विभागात ११.४ टक्के आणि दुसऱ्यात २.८ टक्के. मी हे गणित मांडून पाहिलं. पहिल्या विभागातला मृत्युदर दुसऱ्याइतकाच असता, तर सहा वर्षांत जवळजवळ १,२०० बायका जगल्या असत्या. शिवाय खरा फरक यापेक्षा मोठाच होता, कारण पहिल्या विभागातल्या बऱ्याच आजारी बायकांना हॉस्पिटलच्या दुसऱ्या भागात हलवत आणि तिथले मृत्यू या हिशेबात धरले जात नसत.

या बायका मरत होत्या बाळंतज्वराने. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप भरायचा, पोट फुगायचं, असह्य दुखायचं आणि काही दिवसांत खेळ खलास. कितीदा नवजात बाळही आईपाठोपाठ जायचं.

शहरातल्या बायकांना हे सगळं माहीत होतं. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असं कळलं की त्या हातापाया पडायच्या, दुसऱ्या विभागात घ्या म्हणून. काही जणी तर वाटेतच बाळंत होऊन मग दाखल व्हायच्या. आणि गंमत बघा, रस्त्यात बाळंत झालेल्या या बायकांना हा ताप क्वचितच यायचा. डॉक्टरच्या हाती पडण्यापेक्षा रस्ता जास्त सुरक्षित! सेमेलवाइसला या गोष्टीने अस्वस्थ केलं.

एकेक कारण तपासून बाद

तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत की असे ताप दूषित हवेमुळे, ऋतुमानामुळे किंवा शरीरातला समतोल बिघडल्यामुळे येतात. सेमेलवाइसने मात्र साधा प्रश्न विचारला : हे कारण दोन्ही विभागांत सारखंच असेल, तर फरक कसा पडतो? कंप्युटर बिघडला की आपण एकेक वायर काढून बघतो, तसं त्याने केलं.

- हवा आणि ऋतू : दोन्ही विभागांना हवा एकच. बाद.
- गर्दी : उलट दुसऱ्या विभागातच जास्त गर्दी, कारण सगळ्यांना तिथेच जायचं असे. बाद.
- बाळंतपणाची पद्धत : दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर झोपवत, पहिल्यात पाठीवर. त्याने पहिल्यातही कुशीवर झोपवायला सांगितलं. काही फरक नाही. बाद.
- भीती : मरणाऱ्या बाईसाठी पाद्री यायचा तेव्हा पुढे घंटा वाजवत माणूस चालायचा. पहिल्या विभागात त्याला बाळंतिणींच्या खोल्यांमधून जावं लागे. ती घंटा ऐकून बायका धसका घेतात, असं एक मत होतं. सेमेलवाइसने पाद्र्याला दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता यायला लावलं. मरण थांबलं नाही. बाद.
- परदेशी विद्यार्थी : सरकारी समितीने ठरवलं की परदेशी विद्यार्थी आडदांडपणे तपासतात. विद्यार्थी निम्म्याने कमी केले. काही महिने आकडा खाली आला आणि मग पुन्हा चढला. १८४७ च्या एप्रिलमध्ये तर तो १८ टक्क्यांवर गेला.

जुन्या नोंदी चाळताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. १७८४ ते १८२२ या काळात याच हॉस्पिटलात मृत्युदर सव्वा टक्क्याच्या आसपास होता. पुढे शिक्षणात शवविच्छेदनावर भर आला, आणि आकडा चढला. विज्ञान पुढे चाललं होतं आणि बाळंतिणी जास्त मरत होत्या. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते अजून कळत नव्हतं.

मित्राचं पोस्टमॉर्टेम

१८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइस काही दिवस व्हेनिसला गेला होता. परत आल्यावर बातमी कळली की मित्र याकोब कोलेच्का वारला. कोलेच्का न्यायवैद्यकाचा प्राध्यापक. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली. जखम छोटीशीच, पण तिच्यातून विष अंगभर पसरलं आणि तो गेला.

सेमेलवाइसने मित्राच्या पोस्टमॉर्टेमचा अहवाल वाचला. आत जे जे बिघडलेलं होतं, ते सगळं त्याने शेकडो वेळा पाहिलेलं होतं. बाळंतज्वराने मेलेल्या बायकांच्या शरीरात हेच असायचं. कोलेच्का पुरुष. बाळंतपणाचा प्रश्नच नाही. मग दोघांत समान काय? प्रेतातलं काहीतरी. मित्राच्या शरीरात ते सुरीवरून गेलं, आणि बायकांच्या शरीरात डॉक्टरांच्या बोटांवरून.

आता सगळं जुळलं. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेतं चिरायचे आणि तिथून थेट बाळंतिणी तपासायला यायचे. दुसऱ्या विभागातल्या सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. रस्त्यात बाळंत होणाऱ्या बाईला कुणी आतून तपासतच नव्हतं.

यातली सगळ्यात जड गोष्ट अशी, की स्वतः सेमेलवाइस भरपूर शवविच्छेदनं करायचा. या रोगाचं कारण सापडावं म्हणून तो रोज पहाटे शवागारात जायचा आणि तेच हात घेऊन विभागात यायचा. किती बायका आपल्यामुळे गेल्या, याचा हिशेब देवालाच ठाऊक, अशा आशयाची कबुली त्याने पुढे आपल्या पुस्तकात स्पष्टपणे दिली. अशी कबुली द्यायला छाती लागते.

मे १८४७ : ब्लिचिंग पावडरचं पाणी

डॉक्टर हात धुतच नव्हते असं नाही. साबणाने वरवर धुवायचे, पण बोटांना प्रेताचा वास तसाच राहायचा. सेमेलवाइसने विचार केला : वास राहिला म्हणजे कणही राहिले. सूक्ष्मदर्शकात दिसावं असं त्याच्याकडे काही नव्हतं, त्यामुळे नाक हाच त्याचा सेन्सर. वास पूर्ण घालवणारं काहीतरी हवं होतं. त्याने क्लोरिनचं पाणी वापरलं. ते महाग पडायला लागलं तेव्हा क्लोरिनयुक्त चुना वापरला.

हा क्लोरिनयुक्त चुना म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत किंवा पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतो ना, तीच. तिचं रसायन जंतूंच्या पेशीतली प्रथिनं मोडून टाकतं. हे सेमेलवाइसला माहीत नव्हतं, पण वस्तू त्याने अचूक निवडली.

मेच्या मध्यावर त्याने नियम लावला : शवागारातून येणाऱ्या प्रत्येकाने या पाण्यात हात घासून धुतल्याशिवाय बाईला हात लावायचा नाही. पहिल्या विभागातला मृत्युदर असा बदलला :

- एप्रिल १८४७ : १८.३ टक्के
- मे : १२.२ टक्के
- जून : सुमारे २ टक्के
- जुलै : १.२ टक्के
- ऑगस्ट : १.९ टक्के

पुढच्या अख्ख्या १८४८ सालात पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. म्हणजे दुसऱ्या विभागाच्या बरोबरीने, दोन्हीकडे १.३ टक्क्यांच्या आसपास. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर पहिल्या विभागात एकही बाई मेली नाही.

मधे ऑक्टोबर १८४७ मध्ये एक धक्का बसला. विभागात गर्भाशयाच्या कॅन्सरची एक बाई आली. तिच्या अंगातून घाण स्राव जात होता. तिला तपासून डॉक्टरांनी हात फक्त साबणाने धुतले आणि ओळीने पुढच्या बारा जणींना तपासलं. त्यातल्या अकरा मेल्या. म्हणजे विष फक्त प्रेतातूनच येतं असं नव्हे, जिवंत पेशंटकडूनही येतं. सेमेलवाइसने नियम बदलला : शवागारातून आलात की धुवा, आणि प्रत्येक पेशंटनंतरही धुवा. आजही दवाखान्यांत हाच नियम आहे.

हातावर असतं तरी काय?

थोडं विज्ञान इथेच समजून घेऊ. बाळंतज्वराचा मोठा गुन्हेगार म्हणजे स्ट्रेप्टोकोकस नावाचे जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात. वार सुटल्यावर गर्भाशयाच्या आत एक मोठी ओली जखम उघडी असते. तिथे हे जिवाणू पोचले की रक्तात शिरायला त्यांना वेळ लागत नाही.

आपल्या त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो. जंतू त्याला चिकटून बसतात, म्हणून नुसत्या पाण्याने ते नीट जात नाहीत. साबणाच्या रेणूला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेल आवडणारं टोक मळात घुसतं, पाणी आवडणारं टोक पाण्याकडे ओढतं आणि तेलासकट जंतू सुटून वाहून जातात. कोरोनासारख्या काही विषाणूंना चरबीचं वेष्टण असतं. साबण ते वेष्टणच फोडतो. पण या सगळ्याला घासणं आणि थोडा वेळ लागतो. वीस सेकंद घासायला सांगतात ते त्यासाठी.

मग लोकांनी ऐकलं का नाही?

आता तुम्ही म्हणाल, एवढे आकडे समोर होते तर वाद कसला? मी या प्रश्नावर बराच विचार केला. मला पाच कारणं दिसतात.

पहिलं, त्याच्याकडे 'कसं' नव्हतं. हात धुतल्याने मरण कमी होतं हे दिसत होतं, पण का, याचं पटणारं उत्तर नव्हतं. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता. तो कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाबद्दल बोलत होता. शिवाय बाळंतज्वराचं कारण सगळीकडे हेच एक, असा त्याचा आग्रह होता. बर्लिनचा फिर्कोसारखा दिग्गजही त्याच्या विरोधात होता.

दुसरं, त्याने लिहिलं नाही. लिहिणं त्याला जड जायचं, हे वर सांगितलंच. शोधाची पहिली बातमी छापली हेब्राने, डिसेंबर १८४७ मध्ये. सेमेलवाइस स्वतः व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या सभेत बोलला तो थेट मे १८५० मध्ये. मधल्या काळात लोकांनी ऐकीव माहितीवर मतं बनवली. अनेकांचा समज झाला की तो फक्त प्रेतांबद्दल बोलतोय. ज्यांच्याकडे शवविच्छेदन होत नव्हतं, त्यांनी विषय सोडून दिला.

तिसरं, राजकारण. १८४८ मध्ये व्हिएन्नात आणि हंगेरीत क्रांती झाली. वातावरण तापलेलं, हंगेरियन माणसाकडे बघायची नजर बदललेली. क्लाइनशी त्याचं पटत नव्हतंच. मार्च १८४९ मध्ये मुदत संपली तेव्हा ती वाढवून मिळाली नाही.

चौथं, त्रास. क्लोरिनच्या पाण्याने हात सोलवटायचे. रोज, प्रत्येक पेशंटनंतर ते करायचं म्हणजे कटकटच.

पाचवं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. त्याचं म्हणणं मान्य करायचं म्हणजे आपल्या हाताने बायका मेल्या हे मान्य करायचं. जर्मनीतल्या कील शहरात मिखाएलिस नावाचा प्रसूतितज्ज्ञ होता. त्याला सेमेलवाइसचं म्हणणं पटलं, त्याने हात धुण्याचा नियमही लावला. पण त्याची एक बहीण, नात्यातली, त्यानेच तपासल्यावर बाळंतज्वराने गेली होती. तो अपराध त्याला सोसवला नाही. १८४८ मध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला. बाकीच्यांना हे ओझं उचलण्यापेक्षा सेमेलवाइसला चूक ठरवणं सोपं होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा ताप डॉक्टर आणि सुईणींमार्फत पसरतो, असं स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ मध्येच लिहिलं होतं, आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८४३ मध्ये. त्यांनाही विरोधच झाला. सेमेलवाइसचं वेगळेपण असं, की त्याने उपाय करून दाखवला आणि महिन्यागणिक मोजून दाखवला.

पेस्टमधली वर्षं

१८५० मध्ये त्याला व्हिएन्नात शिकवण्याची परवानगी मिळाली, पण अट अशी की फक्त पुतळ्यावर शिकवायचं. अपमान सहन न होऊन काही दिवसांतच तो शहर सोडून पेस्टला गेला. ज्यांनी त्याची बाजू लढवली त्या गुरू-मित्रांचा निरोपही घेतला नाही. ते दुखावले ते दुखावलेच.

पेस्टच्या सेंट रोकुस हॉस्पिटलात १८५१ मध्ये त्याने बिनपगारी काम घेतलं. तिथेही बाळंतज्वर होताच. त्याने तोच नियम लावला. १८५१ ते १८५५ या काळात ९३३ बाळंतपणांत बाळंतज्वराने फक्त ८ मृत्यू झाले. म्हणजे एक टक्क्याहून कमी. शहर नवं, दवाखाना नवा, निकाल तोच. १८५५ मध्ये तो पेस्टच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८५७ मध्ये मारिया वाइडेनहोफरशी लग्न झालं. पाच मुलं झाली, त्यातली दोन तान्ही असतानाच गेली.

अखेर त्याने लेखणी उचलली. १८५८ मध्ये हंगेरियन नियतकालिकात लेख आले आणि १८६१ चं साल घालून जर्मन पुस्तक निघालं. पुस्तक जाडजूड, आकड्यांनी भरलेलं, आणि विरोधकांना पानोपानी उत्तरं देणारं. ते फारसं कुणी उचलून धरलं नाही. मग तो चिडला. युरोपातल्या नामवंत प्राध्यापकांना त्याने जाहीर पत्रं लिहिली आणि त्यांत त्यांना सरळसरळ खुनी ठरवलं. मी त्याची तळमळ समजू शकतो, कारण बायका खरंच मरत होत्या. पण खुनी म्हटल्यावर समोरच्याने हात धुवायला जाण्याची शक्यता आणखी कमी झाली.

शेवटचे दोन आठवडे

१८६० नंतर त्याचं वागणं बदलत गेलं. उदास राहायचा, कुठलाही विषय बाळंतज्वरावर आणायचा. घरचे आणि सहकारी काळजीत पडले. १८६५ च्या जुलैअखेर त्याला व्हिएन्नाला नेलं. हेब्राने नवा दवाखाना दाखवतो असं सांगून त्याला वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं. काय चाललंय हे लक्षात आल्यावर तो निघायला लागला, तेव्हा रखवालदारांनी त्याला बेदम मारलं, हात बांधणारा कोट घातला आणि अंधाऱ्या खोलीत टाकलं.

१३ ऑगस्ट १८६५ रोजी तो वारला. जखम चिघळली आणि विष रक्तात पसरलं. म्हणजे कोलेच्का ज्याने गेला, बाळंतिणी ज्याने जात होत्या, त्याच प्रकारच्या आजाराने. व्हिएन्नातल्या अंत्यविधीला मोजकीच माणसं होती.

त्याच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्टला, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या मोडक्या पायाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावलं. जखम न चिघळता पाय बरा झाला. लिस्टरच्या हाताशी पाश्चरचं जंतूंचं स्पष्टीकरण होतं, म्हणजे सेमेलवाइसकडे नसलेलं ते 'कसं'. पुढे १८७९ मध्ये पाश्चरने पॅरिसमध्ये डॉक्टरांच्या भर सभेत फळ्यावर मण्यांची माळ काढून दाखवली : बाळंतज्वराचा जंतू हा असा असतो. सेमेलवाइस जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

१८९१ मध्ये त्याचे अवशेष बुडापेस्टला आणले गेले. त्याच्या जन्मघरात आज वैद्यकीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे आणि शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठाला त्याचंच नाव आहे.

आज आपल्यासाठी

मंडळी, जंतू दिसायला लागले, सिद्धांत पटला, तरी प्रश्न पूर्ण सुटला नाही. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या मोठ्या हॉस्पिटलात दिदिए पिते या डॉक्टरच्या टीमने मोजलं, तेव्हा जिथे हात स्वच्छ करायला हवे होते त्यातल्या फक्त ४८ टक्के वेळा ते केले जात होते. त्यांनी कुणाला खुनी म्हटलं नाही. अल्कोहोलच्या हँडरबची बाटली थेट खाटेपाशी ठेवली, भिंतीवर पोस्टर लावली, आकडे कर्मचाऱ्यांना परत दाखवले. प्रमाण ६६ टक्क्यांवर गेलं आणि हॉस्पिटलात लागण होणारे आजार कमी झाले. सिंकपर्यंत जाऊन यायचा वेळ वाचला, हे त्यातलं मोठं कारण.

म्हणून घरातही हाच मार्ग धरा, असं मी सुचवेन. साबण हाताशी ठेवा. बाळाला घेण्याआधी, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, संडासहून आल्यावर, आजाऱ्याजवळ बसण्याआधी आणि नंतर हात धुवा. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठा आणि नखं, सगळं वीस सेकंद घासा. हात मळलेले नसतील तर ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेला सॅनिटायझर चालतो. हात मळलेले असतील किंवा घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर साबण-पाणीच वापरा, कारण असे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

आणि दवाखान्यात पेशंटसोबत बसलेले असाल, तर तपासायला येणाऱ्याला हात स्वच्छ केलेत का, हे विचारायला संकोचू नका. मात्र शांतपणे विचारा. त्याच्यासमोर हँडरबची बाटली सरकवलीत तरी काम होईल.